चौतीस पावलांवरचा दगड

भास्कर,

आपल्या पडायच्या वहीत एकशे सत्त्याऐंशी नोंदी आहेत. तू गेल्यावर मी त्या दोनदा मोजल्या. रफिकच्या एक्क्याऐंशी, माझ्या चौसष्ट, तुझ्या बेचाळीस. बेरीज जुळते. पण त्यातली एक नोंद चुकीची आहे. ती तुझ्या नावावर आहे आणि चूक माझी आहे. हे तुला सांगायला माझ्याकडे नऊ वर्षं होती. त्यातले रविवार धरले तरी साडेचारशेच्या वर होतात. प्रत्येक रविवारी तू समोर होतास आणि मी दुसऱ्याच गोष्टी बोललो.

तू गेलास तो सायकलवरून नाही. सकाळी झेंडूच्या वाफ्यात, फुलं तोडताना गेलास. हे मी मुद्दाम आधी लिहितो, कारण दहाव्याला रामकुंडावर तीन जणांनी मला विचारलं, "सायकलवर होते का हो?" आणि तिघांचा चेहरा असा होता की मी हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

दहाव्याला तुझे थोरले दादा बोलायला उभे राहिले. हरिभाऊंना इतक्या लोकांपुढे बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. टोपी हातात धरून ते म्हणाले, "भास्कर कष्टाळू होता. पण हट्टी. चाळिशीला टेकला तरी डोंगरातून सायकली पळवत होता. हात मोडून घेतला तोबी स्वतःच्या बेपर्वाईनं. तवापासून फुलांची पाटी उचलायला दुसरा माणूस लागायचा. नाय ऐकलं कुणाचं." मग ते खाली बसले. त्यांच्या मनात राग नव्हता, हे मला कळत होतं. गेलेल्या माणसाबद्दल खरं बोलायचं म्हणून ते बोलले. त्यांना जेवढं खरं माहीत होतं तेवढं.

रफिक माझ्या शेजारी बसला होता. त्यानं कोपर मारलं. "साहेब, उठा ना. बेपर्वा? आपल्या तिघांत सगळ्यात कमी कोण पडलं? वही तुमच्याकडे आहे, आकडे सांगा."

मी उठलो नाही. रफिकला वाटलं मला रडू येतंय. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला फार जड वाटला.

कुठली नोंद, ते तुला माहीत आहे. शहाण्णव नंबरची. पण मी क्रमानं सांगतो. मधलं काही गाळून एकदम शेवटचा आकडा लिहिला की मला चैन पडत नाही, हे तू जाणतोसच.

त्र्याण्णव साली डॉक्टरांनी मला वजन कमी करायला सांगितलं आणि मी पेठ रोडला रफिकच्या दुकानातून जाड टायरची सायकल घेतली. तेव्हा तशा सायकली नवीन होत्या. मी सीटची उंची पट्टीनं मोजून घेत होतो, आणि तू मागच्या कॅरिअरला झेंडूच्या दोन पाट्या बांधलेली तुझी काळी सायकल ढकलत आलास. मागची रिम वाकली होती. माझी सायकल बघून तू रफिकला विचारलंस, "एवढ्या जाड टायरवर काय वाहणार हे?"

"काही नाही. मीच बसणार," मी म्हणालो.

"स्वतःला वाहायला पाय हायेत की."

मग रिम सरळ होईपर्यंत तू माझी सायकल एक चक्कर मारायला मागितलीस. अर्धा तास आला नाहीस. रफिक म्हणाला, "साहेब, घाबरू नका, मखमलाबादचा माळी आहे, पाट्या इथे आहेत त्याच्या." तू आलास तेव्हा कोपर सोललेलं होतं, शर्टाला लाल माती होती आणि चेहरा असा की मला माझ्याच सायकलचा हेवा वाटला. "चामरलेण्याच्या डोंगरामागून खाली आलो," तू म्हणालास. "पडलो. लय भारी हाय." महिन्याभरात रफिकनं तुला एक जुनी मिळवून दिली, स्वतःसाठी सुट्या भागांतून एक उभी केली, आणि आपले रविवार सुरू झाले.

माझं पहिलं मोठं पडणं त्याच उतारावरचं. गुडघा फुटला होता आणि मी दगडाला शिव्या देत होतो. म्हणालो, "मधेच दगड आडवा आला."

तू सायकल आडवी टाकून माझ्याजवळ उभा राहिलास. हात दिला नाहीस. "दगड कुठून आला? तो तर तिथंच हाय, आजाच्या काळापासनं. डोळे कुठं होते?"

"दगडावरच. तो चुकवायचा होता ना."

"मंग सायकल तिकडंच जाणार. मी फुलं घेऊन येताना खड्ड्याकडं बघत नाय, खड्ड्याच्या बाजूच्या रस्त्याकडं बघतो. चल वर."

"वर कशाला? मला चालता येत नाहीये."

"पडलास इथं. चुकलास कुठं ते दाखव."

मी लंगडत वर गेलो. जिथं पहिल्यांदा तो दगड पाहिला आणि त्याच्यावरून नजर काढली नाही, ती जागा सापडली. तू तिथं एक दगड ठेवलास. मी सवयीनं पावलं मोजत खाली आलो. चौदा. चुकलो तिथून पडलो तिथपर्यंत चौदा पावलं. ती चौदा पावलं मी पडलेलोच होतो, फक्त मला माहीत नव्हतं. सातपूरच्या कारखान्यात तपासणी विभागात माझी तेव्हा दहा वर्षं झाली होती. सुटा भाग नापास झाला की तो कुठल्या मशीनवर बिघडला ते शोधत मागं जायचं, हे माझं रोजचं काम. माझ्या स्वतःच्या बाबतीत ते कधी केलं नव्हतं. ते तू करायला लावलंस, कधी कारखाना न पाहिलेल्या माणसानं.

दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, जागा, कोण पडलं, कुठं चुकलं, किती पावलं, डोळे कुठं होते. तू हसलास आणि मला मोजणीसाहेब म्हणायला लागलास. पण नियम तूच घातलास. पडलेल्याला लगेच उचलायचं नाही, आधी विचारायचं. त्यानं स्वतः वर चालत जायचं. दगड त्यानंच ठेवायचा. आणि प्रत्येकानं स्वतःचीच चूक सांगायची, दुसऱ्याची नाही. "दुसऱ्याची चूक दिसती लवकर," तू म्हणालास, "म्हणून ती लिहायची नाय."

हा शेवटचा नियम मला किती सोयीचा होईल हे तेव्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

पडायचं कसं हेही तू शिकवलंस. हात पुढं टाकायचा नाही, हात छातीशी घ्यायचा, खांदा आत वळवायचा आणि लोळून जायचं. तुझ्या नांगरलेल्या वाफ्यात आपण तिघं एक अख्खी सकाळ लोळत होतो. मी कंपनीचं पिवळं हेल्मेट घातलं होतं. शोभावहिनी चहा घेऊन आल्या आणि बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "तीन-तीन पोरांचे बाप. म्हशीसुद्धा पाणी बघून लोळतात." रफिक म्हणाला, "वहिनी, माझी दोनच आहेत." वहिनी म्हणाल्या, "मग तुम्हाला अजून अक्कल यायला वेळ आहे."

चामरलेण्यामागच्या त्या उताराच्या तळाशी मुरलीबाबांची मेथी होती. रफिक तिच्यात दोनदा गेला. पहिल्यांदा बाबा काठी घेऊन आले. "गादी नाय का रे घरात? माझ्या मेथीत झोपाय येता."

"बाबा, ब्रेक लागला नाही."

"मंग मेथीनं लागला ना. आता मोडलेली उपटून घेऊन जा सगळी."

रफिकच्या घरी चार दिवस मेथी शिजली. आपण उताराचं नाव मेथीचा उतार ठेवलं आणि वहीत तेच लिहिलं.

पहिल्या वर्षी आपल्या तिघांची सरासरी बारा पावलं होती. पाचव्या वर्षी पाचावर आली. मी तुला तो आकडा दाखवला तेव्हा तू बराच वेळ पान बघत राहिलास. मग म्हणालास, "म्हणजे आधी बारा पावलं आपल्याला पत्ताच नसायचा." मी आकडा काढायचो आणि त्याचा अर्थ तू सांगायचास. आपलं हे असंच चाललं होतं, आणि मला त्याचा फार अभिमान होता. आजही आहे.

भांडण होतं ते एकाच गोष्टीवरून. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत माझ्या मावसभावानं मला सायकलचा मीटर आणून दिला. हँडलवर बसवायचा, छोटा, काड्यापेटीएवढा. वेग दाखवायचा. तुला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

"वेग पायाला कळतो," तू म्हणायचास. "कानाला कळतो, वारं किती वाजतं त्यावरनं."

"तुझ्या कानाचा आकडा मी वहीत कसा लिहू?"

"नको लिहू. सगळं काय लिहायला पाहिजे असं नाय. उतारावर डोळे दोनच असतात, मोजणीसाहेब. एक तू त्याला भाड्यानं दिलास."

मी म्हणायचो, मी उतारावर मीटर बघत नाही, खाली पोचल्यावर सगळ्यात जास्त वेग दाखवतो तो बघतो. तू म्हणायचास, बरं. त्या बरंमध्ये तुला काय म्हणायचं होतं ते मला कळायचं आणि राग यायचा. हा वाद आपला कधी मिटला नाही. खरं म्हणजे तो नव्याण्णवच्या फेब्रुवारीतच मिटला होता. मी तुला कळवलं नाही इतकंच.

त्या रविवारी रफिक पुढे होता, तो खाली मेथीपाशी पोचलाही होता. मध्ये मी, मागे तू. वाट अरुंद, उजवीकडे डोंगराचा कातळ, डावीकडे पुरुषभर खोल कोरडा ओहोळ. मागच्यानं पाच सायकलींचं अंतर ठेवायचं आणि पुढच्यानं ब्रेक लावायचा झाला तर ओरडायचं, हा आपला नियम. तू अंतर ठेवलं होतंस. मी चढावर मागे वळून पाहिलं होतं, आणि उतारावर तुझ्या टायरचा आवाज कुठून येतोय हे मला नीट ऐकू येत होतं.

माझ्या मीटरवर एकोणतीस दिसत होते. त्या उतारावर मी कधी तीस गाठले नव्हते. मला तीस बघायचे होते. मी बघत राहिलो. मग वर पाहिलं तर वळण अंगावर आलं होतं. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि वाटेत आडवा थांबलो. ओरडलो नाही.

तुझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. मला धडक देणं, म्हणजे मी कातळावर जाणार, किंवा डावीकडे जाणं. तू डावीकडे गेलास.

वाफ्यात शिकवलं होतंस तसं लोळायला ओहोळात जागा नव्हती. तू हात टाकलास. तो आवाज मी विसरलेलो नाही. मी खाली उतरलो तेव्हा तू डावं मनगट उजव्या हातानं धरून बसला होतास आणि तुझा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. रफिक खालून धावत आला. त्यानं डोक्याचा रुमाल सोडून हात बांधला आणि म्हणाला, "चल, आधी दवाखाना."

तू म्हणालास, "आधी वर."

मोडका हात गळ्यात घेऊन तू वर चढलास. ओहोळात उतरलास त्या जागेपासून नऊ पावलं. तिथं एका हातानं दगड ठेवलास आणि म्हणालास, "इथं मी अंतर कमी केलं. मोजणीसाहेब, लिही. नऊ."

मग माझ्याकडे बघून विचारलंस, "तुला काय सांगायचंय का?"

मी म्हणालो, "नाही."

तू मान हलवलीस. मी वहीत लिहिलं. नोंद शहाण्णव, भास्कर, मेथीचा उतार, अंतर कमी ठेवलं, नऊ पावलं. अक्षर सुबक आहे. त्या दिवशीसुद्धा माझं अक्षर सुबकच आलं, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

तुझं मनगट पुन्हा पूर्ण वळलं नाही. पाटी एका बाजूनं उचलायला माणूस लागायला लागला, हे हरिभाऊ खरंच बोलले. घरच्यांना तू सांगितलंस की पोरकटपणा केला, माझीच चूक. मला वाटायचं, तुला माहीत नाही. मग वाटायचं, तुला सगळं माहीत आहे. "तुला काय सांगायचंय का" असं तू दुसऱ्या कुणाला कधी विचारलं नव्हतंस. एकशे सत्त्याऐंशी नोंदींत फक्त त्या एकदाच विचारलंस.

पुढचं लिहिताना मात्र माझी मान ताठ होते, ती खाली घालायचं काही कारण नाही.

पाच महिन्यांनी तू रफिकच्या दुकानात आलास आणि म्हणालास, डाव्या हातानं मागचा ब्रेक दाबला जात नाही, काय करायचं ते कर. रफिकनं तीन रविवार घातले. दोन तारा ब्रेकच्या एकाच दांडीला बसवल्या, उजवीकडे. दांडी अर्धी दाबली की मागचा लागायचा, पूर्ण दाबली की पुढचाही. पहिल्या दिवशी तू चार वेळा पडलास. चारही वेळा वर गेलास, दगड ठेवलेस, चार नोंदी सांगितल्यास. अडतीसाव्या वर्षी, पायाला अन् हाताला जे आपोआप येत होतं ते सगळं पुसून तू पुन्हा पहिलीपासून शिकलास. रफिक म्हणाला, "भास्करभाई, एवढ्यात तर मी उर्दू शिकलो असतो." तू म्हणालास, "तुला अजून मराठीत ब्रेक दाबता येईना."

आणि दोन हजार तीन सालचा दसऱ्यानंतरचा रविवार. नाशिकहून वणी, वणीहून नांदुरी, आणि तिथून गडाचा घाट. तुझ्या कॅरिअरला देवीसाठी चार किलो झेंडू बांधलेला. घाटात एक जीपवाला थांबून म्हणाला, "ओ काका, टपावर टाका सायकल, जागा हाय."

तू म्हणालास, "टपावर तू बस. जीप मी आणतो वर."

तू माझ्याआधी अठरा मिनिटं पोचलास. मी घड्याळ लावलं होतं, तुला सांगितलं नाही, आता सांगतो. उतरताना तू पुढे होतास. एका हाताचा ब्रेक, एक आखडलेलं मनगट, आणि प्रत्येक वळणाआधी नजर वळणाच्या पलीकडे. मी मागून बघत होतो. इतकं नेमकं काम मी पंचवीस वर्षांच्या नोकरीत थोड्याच माणसांच्या हातून पाहिलंय. त्या संपूर्ण उतारावर मी मीटर एकदाही पाहिला नाही. तुला बघत होतो. हे मी त्या दिवशी खाली नांदुरीत चहा पिताना सांगणार होतो, आणि त्याच्यामागून दुसरंही सांगणार होतो. तेवढ्यात रफिकनं भज्यांची दुसरी प्लेट मागवली.

दहाव्यानंतर मी सहा दिवस नीट झोपलो नाही. शेवटी घरी सुनंदाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "मला सांगून काय होणार? ज्यांच्यासमोर ऐकलंत त्यांना सांगा."

मी वही घेऊन मखमलाबादला गेलो. रफिकला बरोबर घेतलं, कारण त्यालाही माहीत नव्हतं. हरिभाऊ पडवीत फुलांचे हार बघत होते, वहिनी आतून आल्या. मी उभ्यानंच सांगितलं. शहाण्णव नंबर काढला, वाचून दाखवला, आणि म्हणालो की हे चुकीचं आहे. भास्करनं अंतर ठेवलं होतं. मी न ओरडता थांबलो. तो मला वाचवायला ओहोळात गेला.

रफिक माझ्याकडे बघत नव्हता.

हरिभाऊ म्हणाले, "मी तिथं चारशे माणसांत त्याला बेपर्वा म्हटलो."

"हो."

"अन् तुम्ही बसून ऐकलं, विनायकराव."

"हो."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला नाही. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी नऊ वर्षं त्यांना त्या हातावरून बोलत होते. आंघोळीचं पाणी काढून देताना रोज बोलायचे. ते हसायचे." मग म्हणाल्या, "वहीत लिहा. आमच्यासमोर लिहा."

मी पेन काढलं. हरिभाऊंनी हात आडवा केला. "इथं नको. कुठं झालं ते दाखवा आधी. तुमच्यात तसंच करतात ना?"

म्हणजे तू घरी नियम सांगितले होतेस.

त्या वयात हरिभाऊ चपला हातात घेऊन तो उतार चढले. ओहोळाची कड मी दाखवली. तुझा नऊ पावलांवरचा दगड तिथं नव्हता, इतक्या पावसाळ्यांत कुठं असणार. मी तिथून वर चालायला लागलो आणि हरिभाऊ माझ्या मागे मोजायला लागले, मोठ्यानं, झेंडूची रोपं लावताना सऱ्या मोजतात तसे. नऊ आले तेव्हा ते क्षणभर थांबले. मग पुढे. मी जिथं मीटरकडे बघायला सुरुवात केली ती जागा मला कधीच शोधावी लागली नव्हती. कातळातून एक उंबर बाहेर आलाय, त्याच्या खाली.

"चौतीस," हरिभाऊ म्हणाले.

मी थांबलो. त्यांनी विचारलं, "इथं डोळे कुठं होते तुमचे?"

"मीटरवर. मला तीस बघायचे होते."

"दिसले?"

"नाही. एकोणतीसच होते."

हरिभाऊंनी वाकून एक दगड उचलला, हातात तोलला, आणि माझ्याकडे दिला. ठेवला मीच. मग उंबराखाली बसून नोंद लिहिली. तपासणीच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. जुन्या आकड्यावर एकच रेघ मारायची, तो वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. तुझे नऊ वाचता येतात. वर चौतीस आहेत आणि शेजारी माझी सही. खाली लिहिलंय, पडला भास्कर, चुकला विनायक. चौदा वर्षांतला वहीतला हा सगळ्यात मोठा आकडा. हरिभाऊंनी वही हातात घेतली आणि तुझ्या सगळ्या बेचाळीस नोंदी शोधून वाचल्या. शेवटी म्हणाले, "कमीच पडला म्हणायचा."

उतरताना रफिक माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "साहेब, मला त्या दिवशी खरंच वाटलं होतं तुम्ही रडताय."

"नंतर रडलो," मी म्हणालो.

काल रविवार होता. आम्ही दोघंच गेलो. मीटर मी काढलेला नाही, घाटात आणि रस्त्यावर लागतो. उतार सुरू होण्याआधी त्याच्यावर रुमाल बांधला. तू हसला असतास, हसायला काही हरकत नाही. मी आधी खाली आलो. मेथी आता नाही, मुरलीबाबांच्या नातवानं द्राक्षं लावलीत. मागे आवाज झाला. वळून पाहिलं तर रफिक आडवा पडलेला, सायकल पायावर. मी थांबलो, तो उठेना. लागलं असेल म्हणून सायकल टाकून वर पळालो. त्याला काही लागलं नव्हतं. तो आभाळाकडे बघत पडून होता आणि वाट बघत होता.

मी त्याला हात दिला नाही. शेजारी उभा राहिलो आणि विचारलं, "रफिक, डोळे कुठं होते?"